कागदावर माझी सही

शूटिंगवाल्यांना घर देऊ नका, असं सांगत फिरणारी बाई म्हणून गावात माझी ओळख होती. बचत गटाची बैठक असो, कुणाचं हळदीकुंकू असो की डेअरीवरची रांग, विषय निघाला की मी बोलायचे. मग गेल्या हिवाळ्यात आमचंच घर एका मालिकेला दिलं आणि करारावर सहीही माझीच आहे म्हटल्यावर टोमणे यायचेच. ‘काय वहिनी, हिरॉइन झालात वाटतं,’ हा त्यातला सौम्य. ‘पैसा बघितला की सगळे फिरतात,’ हा जरा खरमरीत. पैसा बघितला हे खरंच आहे, नाही कशाला म्हणू? पण पैसा पहिल्या वेळीही बघितला होता आणि त्याच पैशानंतर मी ‘देऊ नका’ म्हणायला लागले होते. म्हणजे माझं मन फिरलं ते नुसत्या पैशानं नाही. कशानं, ते सांगते.

आमचं गाव वाईजवळ, कृष्णेच्या काठाला. इकडे शूटिंग ही काही नवलाई नाही. मुंबईहून युनिट निघालं की अर्ध्या दिवसात पोचतं, राहायला वाई-पाचगणी आहे, नदी, घाट, देवळं, वडाची झाडं सगळं हाताशी. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या पायाशी असलेला घाट तर सिनेमात इतक्यांदा आलाय की आमच्या पोरांना त्याचं काही वाटत नाही. ‘स्वदेस’मधलं चरणपूर म्हणजे मेणवली. ‘गंगाजल’मधला बिहार, ‘ओंकारा’ आणि ‘दबंग’मधला उत्तर प्रदेश, यातलं कितीतरी आमच्याच भागातलं. ‘चेन्नई एक्स्प्रेस’च्या वेळी आम्ही तमिळनाडूतही जाऊन आलो. थोडक्यात, वाई पडद्यावर सहसा महाराष्ट्रात नसते. ग्रामपंचायतीची पाटी, भिंतीवरची मराठी जाहिरात, असं काही दिसलं की आर्टची पोरं पळत येऊन ते झाकतात.

आमचं घर वाडा वगैरे नाही. दगडी जोतं, जाड भिंती, पुढे सोपा, मग माजघर, मागे परडं, एका अंगाला गोठा आणि समोर मोठं खळं. पहिल्यांदा आलेलं युनिट हिंदी सिनेमाचं होतं. बोलणं झालं ओट्यावर. आमचे हे, धाकटे भाऊजी आणि युनिटचा माणूस. मी आतून चहा पाठवला. सोप्यात थोडंसं काम आहे, आत कुणी पाऊल टाकणार नाही, असं ठरलं. तोंडी. कागद एकच होता आणि त्यात भाड्याचा आकडा सोडला तर आमच्या बाजूचं काही नव्हतं.

काम सोप्यातून माजघरात यायला एक दुपार लागली. दिवाळीला आम्ही घराला रंग दिला होता. तो त्यांना फार नवा दिसायला लागला, म्हणून चहापावडरचं पाणी, काळा रंग आणि भुसा मारून पोरांनी भिंती जुनाट करून टाकल्या. हात चांगला होता त्यांचा, ओल आल्यासारखे डाग हुबेहूब. माजघरात सासऱ्यांचा फोटो होता, त्या खिळ्यावर कुणा परक्या माणसाचा फोटो हार घालून टांगला, कारण सिनेमातला बाप मेलेला होता. सासरे जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्यांचा फोटो मला नंतर धान्याच्या कणगीमागे सापडला. खळ्यातलं आमचं तुळशीवृंदावन कॅमेऱ्यात येत नव्हतं, म्हणून चार पावलं अलीकडे प्लास्टरचं एक उभं केलं. सासूबाई सकाळी तांब्या घेऊन बाहेर आल्या, दोन्हींकडे आळीपाळीनं बघितलं आणि खऱ्या तुळशीला पाणी घालून मुकाट्यानं आत गेल्या.

जास्त त्रास झाला तो आवाजाचा. आम्हाला नाही, आमच्या आवाजाचा त्यांना. संवाद जागच्या जागी रेकॉर्ड करत होते. ‘रोल साऊंड’ ऐकू आलं की पंखा बंद, मोटर बंद, कुकर गॅसवरून खाली. तूरडाळीचा कुकर दुसऱ्या शिट्टीला उतरवला तर काय होतं ते स्वयंपाक करणारीला सांगायला नको. म्हशीच्या गळ्यातल्या घंटेला फडकं गुंडाळलं. पोरगा दहावीला होता, तो पुस्तकं घेऊन मावशीकडे राहायला गेला. जनरेटरची घरघर मात्र कुणाला खुपत नसे, कारण तो त्यांचा होता आणि लांब, शेजाऱ्यांच्या दारात उभा होता. उजेड आणि अनोळखी माणसं बघून म्हैस पान्हवेना. धारेची वेळ टळली की डेअरीचं संकलन बंद होतं. मग ते दूध घरात, घरात कुकर बंद, आणि मांजर खूश.

आणि हळद. आमच्या भागात हळद म्हणजे वर्षाचा हिशेब. माघ-फाल्गुनात काढायची, शिजवायची आणि खळ्यावर पसरून पंधरा दिवस कडक उन्हात वाळवायची. ओल्या हळदीची वाळून जेमतेम पाचवा हिस्सा उरते. तिला रोज हात लावावा लागतो, वरखाली करावी लागते. वाळली की नाही ते कांडी मोडल्यावर कळतं, नाहीतर मूठभर हळकुंडं एकमेकांवर आपटून खणखण ऐकायची. नेमकी तेव्हा आमची सेलम हळद खळ्यावर होती. डायरेक्टर बघून वेडाच झाला. काय कलर आहे, म्हणाला. हलवायची नाही, कालच्या सीनला जुळली पाहिजे. म्हणून हळदीला हात लावायचा नाही. बरं, तेही सोसलं. मग एका पहाटे, धूळ बसावी आणि जमीन जरा ओलसर, गडद दिसावी म्हणून टँकर लावून खळ्यावर पाणी मारलं. एका बाजूची सगळी हळद भिजली. शिजवलेली, अर्धी वाळलेली हळद पुन्हा भिजली की ती वरून पिवळी दिसते, आतून काळपट होते आणि तिला एक कुबट वास येतो. व्यापाऱ्यानं एक कांडी मोडली, नाकाशी नेली आणि काही न बोलता त्या ढिगाचा भाव पाडला.

भरपाई मागितली तर युनिटचा माणूस म्हणाला, कागदात तसं काही नाही. खरंच नव्हतं. हे म्हणाले, जाऊ दे, भाडं मिळालंय ना. तर ते भाडं. घराच्या उताऱ्यावर चुलत दिरांचीही नावं आहेत, एक पुण्याला असतात, एक ठाण्याला. सिनेमाचं कळल्यावर दोघंही दिवाळीला येत नाहीत एवढ्या उत्साहानं आले आणि आपापला हिस्सा घेऊन गेले. त्यांचा हक्कच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण भाड्याचे वाटे झाले आणि हळदीचं नुकसान अख्खं आमच्याकडे राहिलं. भिंतींना युनिटनं जाताना एक हात रंग मारून दिला, भलत्याच छटेचा.

तेव्हापासून मी ‘नाही’ म्हणायला लागले. नुसतं आमच्या घरापुरतं नाही. कुणी विचारायला आलं की उदाहरणं द्यायचे. सिंधुदुर्गात आकेरीला ‘रात्रीस खेळ चाले’चा वाडा बघायला लोक गाड्या करून जातात, म्हणजे युनिट गेलं तरी माणसं येतच राहतात, आपल्या दारात असं चालेल का? 2020 साली करोनाच्या दिवसांत साताऱ्याजवळ ‘आई माझी काळूबाई’च्या सेटवर साथ पसरली आणि अभिनेत्री आशालता वाबगावकर गेल्या. तेव्हा तर माझ्या म्हणण्याला धारच आली. आता बोला, असं मी बऱ्याच जणींना म्हटलं.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये राज्यात चित्रीकरणच थांबलं. मालिकांची युनिटं गोव्याला, आणखी कुठं कुठं निघून गेली. मला वाटलं होतं गाव सुटकेचा श्वास टाकेल. तसं काही झालं नाही. युनिटला जेवण पुरवणाऱ्या बाईनं कर्जावर मोठे डबे आणि शेगड्या घेतल्या होत्या. आमच्या भावकीतला एक पोरगा टेम्पो चालवायचा, लायटींचं सामान ने-आण करायचा, त्याचे हप्ते थकले. गर्दीत उभं राहायला जाणाऱ्या बायका होत्या, त्यांचा रोज बुडाला, आणि तो रोज खुरपणीपेक्षा बरा होता. माझ्या ‘नाही’चा हिशेब मी फक्त माझ्या खळ्यावर मांडला होता, हे तेव्हा जाणवलं. पण जाणवलं म्हणून मत बदललं असं नाही. माणूस आपल्या मताला धरून राहतो, विशेषतः ते चारचौघांत सांगून झालेलं असलं की.

शिवाय सासूबाई. मी ‘नाही’ म्हणत होते त्यात त्यांना कधी विचारलं नव्हतं. त्यांना तो पहिला सिनेमा मनापासून आवडला होता. लायटीची पोरं दुपारी त्यांच्यापाशी बसायची, त्या त्यांना जुन्या पुराच्या गोष्टी सांगायच्या. एकदा डायरेक्टरनं त्यांना सोप्यात बसवलं, सुपात तांदूळ दिले आणि सांगितलं, आजी, नुसतं निवडत बसा. त्यांनी सूप हलवलं, तांदूळ बघितले, कॅमेऱ्याकडे बघितलं.

‘ह्यात खडाच न्हाई. निवडू काय?’

कुणीतरी पळत जाऊन खळ्यातले खडे आणून सुपात टाकले, तेव्हा कुठे त्या बसल्या. सिनेमात त्या दिसतात, अगदी क्षणभर, पण निवडताना खरंच निवडतायत हे कळतं. आम्ही साताऱ्याला जाऊन बघितला. त्यानंतर युनिटं येत, मी ‘नाही’ म्हणे, आणि त्या दाराशी बसून जाणाऱ्या गाड्यांकडे बघत. एकदा म्हणाल्या, ‘तुझी हळद भिजली, माझं काय भिजलं न्हवतं.’ मी तेव्हा उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतंच.

मग ही मालिका आली. लोकेशन बघायला एक मुलगी आली, नगरकडची, पंचविशीतली. मी नेहमीप्रमाणे ‘आम्ही देत नाही’ म्हटलं. ती म्हणाली, हरकत नाही ताई, पाणी मिळेल का? पाणी प्यायली, ओट्यावर बसली आणि वही काढून म्हणाली, नाही दिलंत तरी चालेल, पण मला एवढंच सांगा, तुमच्याकडे नळाला पाणी किती वाजता येतं? धार कितीला काढता? मुलं शाळेतून कधी येतात? आमचं शेड्यूल बसतच नसेल तर मी पुढचं घर बघते.

तोवर आलेल्या सगळ्यांनी खोल्या मोजल्या होत्या. ही पहिली, जिनं दिवस मोजायला घेतला.

हे शेजारी बसले होते. धार सहाला काढतो, म्हणाले. धार हे काढत नाहीत. धार साडेपाचला असते, कारण सहाला डेअरीवर पोचायचं असतं. मी दुरुस्त केलं. मग हे म्हणाले, दुपारी घर मोकळंच असतं. मी पुन्हा दुरुस्त केलं. दुपारी पापड-कुरडया असतात, दळण असतं, सासूबाईंची झोप असते. मुलगी लिहीत होती. दोन पानं भरली. मी सांगत गेले आणि सांगता सांगता माझाच राग कमी होत गेला, कारण इतकी वर्षं मी शूटिंगवर चिडून होते आणि चिडण्याचा निम्मा भाग ओट्यावरच्या त्या पहिल्या बोलण्याचा होता. घर कुणाच्या नावावर आहे ते उताऱ्यावर असतं. घरातला दिवस कुणाच्या अंगावर पडतो ते कुठल्याच कागदावर नसतं. म्हटलं, असू दे की एकदा कागदावर.

करार मी वकिलाकडून मराठीत करून घेतला. वाईतल्या वकिलांना आता याची सवय आहे. स्वयंपाकघर, देवघर आणि गोठा त्यातून वगळले. पहाटेची आणि संध्याकाळची धार होईपर्यंत खळ्यात दिवा लागणार नाही. फोटो, टाक, तुळस यांना हात लावायचा नाही. चौकटीत नको असतील तर चौकट बदला. जनरेटर वस्तीबाहेरच्या माळावर, केबल लागेल तेवढी लांब. शेतमाल किंवा जनावरांचं नुकसान झालं तर ते त्याच आठवड्यात, बाजारभावानं. डिपॉझिट आधी, आणि घर पूर्ववत झाल्यावरच परत. चुलत दिरांना मी स्वतः फोन केले. संमतिपत्र हवंच होतं, तर सांगितलं की एकूण रकमेतून आधी दुरुस्ती आणि राबणुकीचा ठरलेला भाग माझ्या खात्यात जाईल, उरलेल्याचे वाटे. पुण्याचे ‘बरोबर आहे’ म्हणाले. ठाण्याच्यांनी सही दिली, पण तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. भाऊबंदकीत हे चालायचंच.

सगळं सुरळीत झालं असं नाही. कौलं फुटली, एक जुना पाट हरवला, शेवटपर्यंत सापडला नाही. पैसे दिले त्यांनी, पण पाट माझ्या आजेसासूंचा होता. मालिकेचं काम सिनेमापेक्षा लांबतं, रोज एपिसोड द्यायचा असतो, त्यामुळे सगळ्यांच्याच डोक्याला ताप. सोप्यात त्यांनी चुलीचा सेट लावला होता. त्या चुलीपुढे भरजरी साडी नेसलेली सून भाकरी करायची आणि भिंतीच्या आत, दार लावून, मी गॅसवर आमच्या भाकरी करायचे. ती नटी एकदा आत आली, म्हणाली, ताई, मला खरंच शिकवा. शिकवलं. पीठ मळून घ्यायला, हातावर फिरवायला, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात द्यायला. बऱ्यापैकी जमलं तिला. मग सीनमध्ये तसं करायला लागली तर आवाज आला, एवढा वेळ नको, डायरेक्ट फुगलेली दाखवू. टीव्हीवर फुगलेलीच दिसते. ती माझी आहे.

एक गोष्ट सांगायची राहून गेली तर मनोगत अर्धवट राहील. करार माझा, शांतता माझ्या वेळापत्रकाप्रमाणे, त्यामुळे ‘सायलेन्स’ पाळायची जबाबदारीही नकळत माझी झाली. एकदा टेक चालू असताना सासूबाई खोकल्या आणि मीच मान वळवून डोळे वटारले. त्यांनी पदर तोंडावर धरला. पहिल्या वेळी असे डोळे युनिटच्या माणसानं माझ्यावर वटारले होते आणि ते मी गावभर सांगत फिरले होते. हे मी कुणाला सांगितलं नाही.

शेजाऱ्यांचं तर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. जनरेटर माळावर गेला, पण गाड्या कुठं जाणार? गल्ली अडते. पलीकडच्या घरी तान्हं बाळ होतं, रात्री दिव्यांचा झोत त्यांच्या खिडकीवर. भाडं माझ्याकडे आणि उजेड त्यांच्याकडे. मी माझ्या हिश्श्यातून काही द्यावं का? दिलं तर ते घेतील का, आणि घेतलं तर मग गल्लीतल्या प्रत्येकाला द्यावं लागेल का? ग्रामपंचायतीनं गल्लीसाठी म्हणून वेगळी रक्कम घ्यावी, असं मी ग्रामसभेत बोलले. ‘ही काल नको म्हणत होती, आज कर लावा म्हणते,’ असं मागून कुणीतरी म्हणालं. हसले सगळे. मलाही हसू आलं. विषय पुढच्या सभेवर गेला.

तर आता मी ‘देऊ नका’ म्हणत नाही. कुणी विचारलं तर विचारते, बोलणी कोण करतंय? घरातली बाई बसली आहे का बोलायला? नसेल तर थांबा जरा. माझा कराराचा कागद मी झेरॉक्स काढून ठेवलाय, तीन-चार जणी घेऊन गेल्यात. एकीनं त्यात शेण टाकायच्या जागेचं कलम वाढवलं, जे मला सुचलं नव्हतं.

सध्या आणखी एका सिनेमावाल्यांशी बोलणं चालू आहे. त्यांना आमच्या खळ्यावर पावसाचा सीन हवाय, मे महिन्यात. टँकर लावून, वरून फवारे सोडून, रात्रभर. उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, टँकर बाहेरून आणू. बाहेरून म्हणजे कुठून, आजूबाजूचं पाणी धोम धरणाचंच की. मग मीच सुचवलं, बाकीचं काम मेमध्ये करा आणि हा एक सीन जुलैत येऊन घ्या. आमच्याकडे जुलैत पाऊस फुकट असतो, हवा तेवढा.

त्यांचा माणूस हसला. म्हणाला, ‘ताई, खऱ्या पावसात पावसाचं शूटिंग करता येत नाही.’